चार सळ्यांचे हस्तीमलशेठ

२००० सालच्या फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. रक्कम अडतीस हजार रुपये. हजर माणसं चार: माझा थोरला भाऊ, ज्याला घरात आणि गावातही सगळे दादा म्हणतात, मी, बोरगाडीचा एजंट, आणि नारायणगावचे हस्तीमलशेठ. जागा आंबेगाव तालुक्यात लोणीची आमची द्राक्षबाग.

पैसे माझ्या प्रॉव्हिडंट फंडातले होते. मी नारायणगावात एका शाळेत हेडक्लार्क होतो आणि भाड्याने राहत होतो. घरासाठी दोन गुंठे जागा घ्यायची म्हणून ते काढले होते. पण दादाच्या विहिरीने त्या वर्षी उन्हाळ्याआधीच तळ दाखवला, तेव्हा ते बोरकडे वळवले. खोदाई, केसिंग पाइप, मोटर, केबल असं सगळं धरून एका बोरचा अंदाज अडतीस हजारांचा निघत होता. दुसऱ्या बोरला पैसे नव्हते. पहिला कोरडा गेला तर एप्रिलच्या छाटणीनंतर बाग जगणार नव्हती, आणि माझी जागाही गेल्यात जमा होती. हे आम्हा दोघा भावांना माहीत होतं.

बागेच्या कडेची एक जागा पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून आधीच दाखवली होती. त्या रविवारी हस्तीमलशेठांनी घरी बनवलेलं आपलं मशीन लावलं, आणि मशीननेही तीच जागा दाखवली. दादा महिन्याभरात पहिल्यांदा हसला.

"नारळ बी तेच म्हनतो आन मशीन बी तेच म्हनतं," तो म्हणाला. "आता मी कशाला येगळं म्हनू?"

एजंटने तीन हजार आगाऊ घेतले आणि मंगळवारी सकाळी गाडी पाठवायचं कबूल केलं.

मंगळवारी जे झालं ते कळायला हस्तीमलशेठ कसा माणूस होता हे आधी सांगावं लागेल.

नारायणगावात ते माझे शेजारी. त्यांच्या घराची आणि माझ्या खोलीची भिंत एकच. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते. शेठ मात्र इथेच जन्मले, इथल्याच शाळेत शिकले आणि आमच्यासारखंच बोलायचे. एस.टी. स्टँडच्या रस्त्याला मोटरी, स्टार्टर, पाइप, व्हॉल्व्ह यांचं त्यांचं दुकान होतं. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की समोरच्या फुटपाथवरचं गिऱ्हाईक आपल्याला बोलावलं समजून आत यायचं. ते जैन धर्म कडक पाळायचे. सूर्य मावळायच्या आत जेवण, कांदा-बटाटा वर्ज्य, पाणी फक्त उकळलेलं. ते पाणी फिरकीच्या तांब्यात भरून कायम बरोबर. लोकांच्या शेतात पाणी शोधत फिरणारा माणूस स्वतःचं पाणी घरून घेऊन यायचा, याची गंमत लोणीच्या आमच्या वहिनींना फार वाटायची. शेठांना त्यात गमतीचं काही दिसत नसे.

त्यांच्या दुकानात एक गोष्ट मिळत नव्हती, ती म्हणजे बोरच्या भोकात माती ढासळू नये म्हणून बसवतात तो केसिंग पाइप. मोटर घ्या, केबल घ्या, पण केसिंग मागितलं की शेठ हाताने रस्त्यापलीकडचं दुकान दाखवायचे. "समोर मिळंल. चांगला मानूस हाय. माझं नाव सांगा, दोन रुपये जास्त लावील." याचं कारण त्यांच्या आई. त्यांना घरात बाई म्हणत. जमीन फोडून पोट भरणं हे त्यांच्या धर्मात श्रावकाला, म्हणजे संसारी माणसाला, वर्ज्य असलेल्या धंद्यांत धरतात. फार वर्षांपूर्वी एका चातुर्मासात बाईंनी साध्वीजींकडून तसा नियम घेतला होता: जमीन फोडण्याचा पैसा या घरात येणार नाही. मोटर विकणं चालतं आणि केसिंग का चालत नाही, असं मी एकदा विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मोटर भोक पडल्यावर बसते. केसिंग भोक पाडताना लागतं." मला हे पटलं की नाही ते आजही सांगता येत नाही, पण त्यांची सीमारेषा कुठे आहे ते स्पष्ट कळलं.

मशीनचा उगम पुण्यकर्मात नव्हता, धंद्यात होता. हे शेठ स्वतःच सांगायचे. लोक हौसेने आधी मोटर घेऊन जायचे, मग बोर कोरडा जायचा, मग मोटर परत यायची. वेष्टन फाटलेलं, दोन पोरं त्यावर बसून गेलेली. शेठ ती परत घ्यायचे, कारण नाही घेतली तर गिऱ्हाईक तुटतं. अशा परत आलेल्या मोटरींची रांग मागच्या पडवीत लागली होती. "हे लोकसेवा-बिवा काय न्हाई, भाऊसाहेब," ते मला म्हणाले होते. "माल परत येतो, त्याच्यावरचा विलाज शोधतोय."

विलाज त्यांना असा सापडला. एकदा सरकारी भूजल पाहणीची मंडळी तालुक्यात आली होती. शेठ दुकान मुलावर टाकून दिवसभर त्यांच्या वायरी धरत फिरले. चार लोखंडी सळ्या एका रेषेत, सारख्या अंतरावर जमिनीत रोवायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळ्यांत किती दाब दिसतो ते मोजायचं. त्यावरून जमीन विजेला किती अडवते ते कळतं. कोरडा काळा पाषाण फार अडवतो, पाणी धरलेला भेगाळ खडक कमी अडवतो. सळ्या जेवढ्या लांब लांब सरकवाव्यात तेवढी खोलवरची खबर मिळते. संध्याकाळी शेठांनी त्या यंत्राची किंमत विचारली आणि आकडा ऐकून घरी आले. मला म्हणाले, "त्या पैशात माझं आख्खं दुकान भरतं. पन आत हाय काय? बॅटरी, ट्रान्सफॉर्मर आन मीटर. हे तर मी रोज इकतो."

त्यानंतर जवळजवळ चार वर्षं भिंतीपलीकडून ठोकण्याचे आवाज येत राहिले. स्कूटरची जुनी बॅटरी, एका मोडक्या इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर, दोन डिजिटल मीटर, विजेची दिशा उलटसुलट करायला एक खटका. सळ्या त्यांनी भंगारातल्या मोटरींच्या शाफ्टच्या करून घेतल्या, कारण त्या गंजत नाहीत. सगळ्या सामानाला खर्च साडेअकराशेच्या आत. पेटी चहाच्या घाऊक खोक्याच्या प्लायवूडची केली. ती तयार झाल्यावर आठ दिवस शेठ हवेत होते, कारण मशीन जिथे लावावं तिथे पाणी दाखवत होतं. शाळेच्या मैदानात पाणी, स्टँडमागे पाणी, स्मशानाच्या वाटेवरही पाणी. नवव्या दिवशी मी सहज पेटी उघडून पाहिली. चहाच्या खोक्याला आतून चंदेरी कागद असतो, तो त्यांनी काढलाच नव्हता. चारही तारांची टोकं त्या कागदाला टेकली होती. वीज जमिनीत उतरतच नव्हती, पेटीतल्या पेटीत फिरत होती.

शेठांनी कागद खरवडून काढला. "लई बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटाया लागलं व्हतं की तालुक्यात दुष्काळ ही अफवा हाय."

मशीन खरं बोलतं का, हे पडताळायला जिथलं उत्तर ठाऊक आहे अशा जागा हव्या होत्या. वाहत्या विहिरींचे मालक खुशीने बोलवायचे. पण शेठांना कोरडे गेलेले बोरही हवे होते, आणि ते विचारण्याची त्यांची पद्धत म्हणजे टोमॅटोच्या बाजारात उभं राहून मोठ्याने, "पाटील, तुमचा फेल गेलेला बोर कुठशी हाय?" चारचौघांत हा प्रश्न कोणाला आवडणार? एक जण म्हणाला, "शेठ, पोरीचं लगीन मोडलं तवा बी येवढ्या मोठ्यानं कुनी इचारलं न्हाई." शेठ ओशाळले, दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले आणि तोच प्रश्न हळू आवाजात विचारला.

तळेघरलाही आम्ही गेलो होतो. भीमाशंकरकडचा डोंगरी भाग, भाताची खाचरं. शेठांनी मुहूर्त काढला श्रावणाचा. बस मध्येच बंद पडली, पुढे पेटी डोक्यावर घेऊन चालत. मी वायरचं रीळ धरलं होतं. मशीनने अर्थातच सगळीकडे पाणी दाखवलं. नाचणीच्या बांधावर एक म्हातारा इरलं घेऊन बसला होता, त्याने सगळा खेळ पाहिला. "पावनं," तो म्हणाला, "सरावनात तळेघरला पानी हुडकता व्हय? मंग उन्हाळ्यात ऊन हुडकाया या." शेठ खरंच मे महिन्यात परत गेले. त्याच बांधावर सळ्या रोवल्या, आकडे चौपट आले. वरचा ओलावा म्हणजे आतलं पाणी नव्हे, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि पुढे पावसाळ्यात त्यांनी मशीन कधी बाहेर काढलं नाही.

माझं आणि त्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मीटरच्या आकड्याला सळ्यांमधल्या अंतराने आणि मग सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांशाने गुणावं लागतं. शेठ सव्वासहाने गुणायचे. मी म्हणायचो, शेठ, हे चूक आहे. ते म्हणायचे, "अर्ध्या टक्क्याचा फरक. भाऊसाहेब, मी रोज पाच टक्के सूट देतो, जमिनीला अर्धा टक्का देऊ नको?" मी घरी येऊन त्यांचे आकडे पुन्हा बरोबर काढायचो. निष्कर्ष कधी बदलला नाही, हेही सांगायला हवं.

सळी रोवण्याची त्यांची रीत ठरलेली. आधी खाली बसायचं. खिशातून दाढीचा जुना ब्रश काढून तेवढी जागा हलक्या हाताने झाडायची, मुंग्या असतील तर बाजूला करायच्या. मग "मिच्छामि दुक्कडं" असं पुटपुटायचं, म्हणजे माझ्या हातून झालेल्या चुकीची क्षमा असो, आणि मग सळी टोचायची, वीतभरच. काम झालं की सळीचं भोक मातीने बुजवायचं. मशीन घेऊन घराबाहेर पडायची परवानगीही बाईंनी एका प्रश्नावर दिली होती. "यानं बोर जास्त पडतील का कमी?" शेठ म्हणाले, "कमी. आधी इचारायचं, मग फोडायचं." बाई म्हणाल्या, "मग जा. पैसे घेऊ नको." त्यांनी कधी घेतले नाहीत. द्राक्षाची पेटी मात्र घ्यायचे आणि त्यातही वजन बघायचे.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी घरामागच्या अंगणात त्याच चार जागी सळ्या टोचून ते एक आकडा घ्यायचे. मशीन ठीक आहे ना, एवढंच बघायला. भिंतीपलीकडून मला तो आकडा मोठ्याने ऐकू यायचा. तो फारसा कधी हलत नसे.

आता मंगळवार. मी आदल्या दिवशीच लोणीला जाऊन राहिलो होतो. बोरगाडी साडेआठला आली. तिच्याबरोबर कॉम्प्रेसरचा ट्रक आणि सात-आठ माणसं. दादाने बागेच्या कडेच्या त्या जागेवर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. शेजारपाजारची माणसं बांधावर येऊन बसली. गाडीचा दांडा उभा राहिला आणि कॉम्प्रेसर सुरू झाला. एवढ्यात रस्त्याकडून हस्तीमलशेठ पळत येताना दिसले. अनवाणी, कारण चपला जीपमध्येच राहिल्या होत्या. काखेत पेटी, खांद्याला सळ्या. त्या आवाजात त्यांचाही आवाज ऐकू येईना, तेव्हा त्यांनी सरळ जाऊन दादाचा हात धरला. दादाने ड्रायव्हरला खूण केली. कॉम्प्रेसर थांबला.

"इथं पाडू नका," शेठ म्हणाले. "मी चुकीचं सांगितलं."

मग एजंट हसला. "शेठ, नारळ फुटल्यावं?"

शेठांना दम लागला होता. तांब्यातलं पाणी प्यायले आणि सांगू लागले. सोमवारी त्यांच्या मुलाने अंगणात कपडे वाळत घालायला नवी तार बांधली, दोन लोखंडी पाइप जमिनीत गाडून. मंगळवारी पहाटे शेठांनी नेहमीचा आकडा घेतला तर तो एकदम तिसऱ्या हिश्श्यावर आला. त्यांनी तार सोडली, आकडा पूर्ववत. पुन्हा बांधली, पुन्हा घसरला. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आमची बाग उभी राहिली. द्राक्षाचा मांडव म्हणजे जमिनीत गाडलेले लोखंडी अँगल आणि त्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या तारा. रविवारी त्यांनी सळ्यांची रेषा मांडवाला लागून, ओळीओळीने धरली होती. लोणीतल्या दुकानातल्या फोनवर त्यांनी दोनदा फोन लावला, कोणी उचलला नाही. मग मिळेल ती जीप धरून ते मंचरला आले आणि तिथून लोणीला.

"म्हंजी?" दादाने विचारलं.

"म्हंजी माझी वीज खाली गेलीच न्हाई. तुमच्या मांडवात फिरून परत आली. मी पान्याचा आकडा समजलो, तो तारंचा आकडा व्हता."

"आन नारळ?" बांधावरून कोणीतरी म्हणालं. "नारळाला बी तारंनं फसवलं व्हय?"

लोक हसले. शेठ हसले नाहीत. त्यांनी पेटीतून विजेरीचा बल्ब काढला. बॅटरीचं एक टोक बागेच्या पश्चिमेच्या अँगलला लावलं. दुसऱ्या टोकाची वायर जमिनीवरून सोडत पार पूर्वेपर्यंत नेली आणि तिथल्या अँगलला बल्बमार्फत टेकवली. बल्ब लागला. अख्ख्या बागेच्या लांबीवर, भर सकाळी, पिवळा, मिणमिणता, पण लागला. "ह्यो बघा," शेठ म्हणाले. "मधी फक्त तुमचा मांडव हाय."

दादा त्या बल्बकडे बघत राहिला. मला त्याच्या मनातलं कळत होतं. नारळ आणि मशीन दोघं एक झाल्यावर जी काळजी उतरली होती ती परत चढली होती, आणि आता ती चढवणारा माणूसही तोच.

"आजून कुनाला असं सांगितलंय का, शेठ?" त्याने विचारलं. टोमण्यासारखंच विचारलं.

शेठ म्हणाले, "हो. खोडद रस्त्याला बबनराव म्हनून हाय, त्यांची बाग. दिवाळीच्या पुढं. तीनशे फूट कोरडं गेलं. मी म्हनलो खडकाचं नशीब. खडकाचं नव्हतं. मांडवाच्या कडंनंच मोजलं व्हतं."

हे त्यांनी सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. दादाने टोपी काढून झटकली आणि परत घातली. मग एजंटकडे वळला. "गाडी थांबंल का?"

"दुपारी मला दुसऱ्या गावाला लावायचीय," एजंट म्हणाला. "थांबल्याचे पाचशे पडतील. आन दुपारी बारानंतर मी थांबत न्हाई, मंग आगाऊचं बुडलं म्हनून समजा."

"पाचशे मी देतो," शेठ म्हणाले. दादा काही बोलायच्या आत त्यांनी नोटा काढून एजंटच्या हातात ठेवल्या आणि विचारलं, "मांडवापासून लांब तुमचं रान कुठलं?"

ओढ्यापलीकडे आमचा एक खडकाळ तुकडा होता, हरभरा काढून मोकळा झालेला. दादाला ती जागा कधीच आवडली नव्हती. तिथे नांगर नीट चालत नाही. शेठांनी तिथे रेषा धरली, आधी पूर्व-पश्चिम, मग तीच दक्षिण-उत्तर, दोन्ही जुळतात का बघायला. सळ्या सरकवायला दादा आणि मी. प्रत्येक जागी ब्रश, प्रत्येक जागी मिच्छामि दुक्कडं. बोरगाडीची माणसं आंब्याखाली पत्ते खेळत होती आणि एजंट घड्याळ बघत होता. एकदा दादा वैतागून म्हणाला, "शेठ, मुंग्यांचं नंतर बघा." शेठ म्हणाले, "घाईतच एकदा चुकलोय," आणि झाडत राहिले.

सुरुवातीला आकडे चढत गेले, म्हणजे कोरडा दगड. दादाने माझ्याकडे बघितलं. चाळीस मीटरच्या अंतराला आकडा खाली आला. शेठांनी खटका उलटा करून पुन्हा घेतला. तरीही खालीच. दुसऱ्या दिशेनेही तसाच आला. त्या दिवशी शेठांनी कागद-पेन माझ्या हातात दिलं. "तुमच्या अठ्ठावीस शतांशानं गुना," म्हणाले. मी गुणलं. सव्वाशे फुटांच्या पुढे काहीतरी मऊ, भेगाळ होतं.

"पानी हाय म्हन्ता?" दादाने विचारलं.

"हाय असं वाटतं. तिकडं बागंत मला खात्री व्हती. इथं वाटतं."

दादाने टाचेने तिथली माती उकरून बघितली. मग एजंटला हाक मारून म्हणाला, "आना गाडी हिकडं."

पावणेबाराला दांडा उभा राहिला. दुसरा नारळ वहिनींनी स्वयंपाकातला आणला. पांढरा धुरळा उडू लागला आणि आम्हा सगळ्यांच्या अंगावर पिठासारखा बसू लागला. साठ फूट, ऐंशी, शंभर. दादा बांधावर पाठ करून बसला होता आणि दर वीस फुटांना मी त्याला आकडा सांगत होतो, मग त्याने हाताने नको सांगू अशी खूण केली. एकशे वीसलाही धुरळाच. त्यानंतर थोड्या वेळाने ड्रायव्हरने बोट वर केलं. धुरळा उडायचा थांबला होता. भोकाच्या तोंडाशी करडा चिखल गोळा होत होता. मग चिखल पातळ झाला, आणि मग एकदम पाणी आलं, गढूळ, कॉम्प्रेसरच्या जोराने माणसाच्या उंचीच्या वर. बांधावरची माणसं धावली. दादा उठला आणि त्या गढूळ पाण्याखाली टोपीसकट उभा राहिला. मला तेव्हा कुठे पाय दुखत असल्याचं कळलं. सकाळपासून मी बसलोच नव्हतो.

शेठ कुठेच दिसेनात. ते कडब्याच्या गंजीमागे होते, बोरकडे पाठ करून, हात जोडून. दादाने त्यांना ओढून आणलं. शेठांनी पाणी ओंजळीत घेतलं, बघितलं, प्यायले नाहीत. आणि म्हणाले, "किती वाजले? मला मावळतीच्या आत घरी पोचलं पायजे."

दादाने त्यांना पाचशे परत द्यायचा खूप प्रयत्न केला. मग मानाचं म्हणून काही द्यायचा. शेठांनी दोन्ही नाकारलं. जीपमध्ये चढताना ते मला हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, रविवारी मोकळे हाय का? बबनरावांकडं जायाचंय."

त्या आठवड्यात भिंतीपलीकडे आई-मुलात बरंच बोलणं झालं. शेठांना बबनरावांचा दुसरा बोर स्वतःच्या पैशाने पाडून द्यायचा होता. बाईंचं म्हणणं, झालेल्या खर्चाचे पैसे दे, पुन्हा जमीन कशाला फोडायची. शेठ म्हणाले, "पैसे दिले तर ते तिसऱ्याला इचारून दोन भोकं पाडतील." बाई म्हणाल्या, "त्या दिवशी आपण दोघं जेवायचं नाही." एवढंच.

बबनराव साठीचे होते, मोजकं बोलणारे. शेठांनी मांडवाची सगळी हकीकत सांगितली. बबनराव म्हणाले, "मी कुनाला बोललो का, शेठ? दगड लागला, लागला."

"बोलला न्हाई म्हनून तर आलो," शेठ म्हणाले.

बागेपासून लांब, त्यांच्या उसाच्या पलीकडे जागा मिळाली. केसिंग पाइप आणायला शेठ रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले. दुकानदार गादीवरून उठला. "हस्तीमलशेठ, आज इकडं? बोर पाडताय का काय?"

"पाडतोय," शेठ म्हणाले. "आन माझं नाव सांगितलंय, तरी दोन रुपये कमी लाव."

मार्चच्या मध्याला बबनरावांच्या रानात एकशे ऐंशी फुटांवर काम थांबवलं. लोणीएवढं नाही, पण दीड इंची धार चालेल एवढं पाणी लागलं. बबनराव नुसते मान हलवत राहिले. माणसं बोरभोवती जमली होती. मी शेठांना शोधलं तर ते मागे, सकाळी मोजणी केली त्या रेषेवर होते. उपाशी, अंगावर धुरळा, ब्रश खिशात. एकेका सळीच्या भोकात माती टाकून टाचेने दाबत आणि पुढच्या भोकापर्यंत पावलं मोजत ते चालले होते. मी हाक मारली. त्यांनी न बघता हात वर केला, थांबा म्हणून.

नंतर जूनमध्ये माझी बदली मंचरच्या शाळेत झाली, आणि शेठ दुकान थोरल्या मुलावर सोडून बाईंना घेऊन धाकट्याकडे पुण्याला गेले. नंतर आमची भेट झाली नाही.

बबनरावांच्या दुसऱ्या बोरचे पैसे दिले ते असे. बोरगाडीच्या मालकाला एकशे ऐंशी फुटांचे, पंचेचाळीस रुपये दराने, आठ हजार शंभर. वीस फूट केसिंगचे अठराशे, समोरच्या दुकानदाराला. एकूण नऊ हजार नऊशे. पावत्या दोन्ही बबनरावांच्या नावाने फाडल्या. पैसे हस्तीमलशेठांनी दिले.